टक्केवारीवरून पजेशन कळत नाही

२०२३च्या महिला फुटबॉल विश्वचषकातल्या स्पेन-जपान सामन्यात पाऊण वेळ तरी चेंडू स्पेनकडे होता. निकाल? जपान ४, स्पेन ०.

मी संध्याकाळी आमच्या भागातल्या मुलींना फुटबॉल शिकवते. पजेशनवर, म्हणजे चेंडू आपल्याकडे राखून खेळण्यावर, माझं मनापासून प्रेम आहे, त्यामुळे वेलिंग्टनचा तो सामना मी पुन्हा पुन्हा बघितलाय. चेंडू मिळवायची जपानला घाईच नव्हती. मागे पाच जणींची ओळ, पुढे चौघी, मधल्या जागा बंद. स्पेनचे पास त्यांच्यासमोर नुसते आडवे फिरत राहिले, बचावफळी वर चढत गेली आणि तिच्या पाठीमागे मोकळं मैदान पडलं. चेंडू हाती लागला की हिनाता मियाझावा तिकडे धावत सुटायची. पहिल्या हाफमध्येच तिचे दोन गोल.

लगेच ‘छोट्या पासांचा जमाना संपला’ अशी चर्चा सुरू झाली. मला ते अजिबात पटत नाही. तीन आठवड्यांनी, २० ऑगस्टला सिडनीतल्या फायनलमध्ये त्याच स्पेनने काय केलं ते बघा. २९वं मिनिट. इंग्लंडची लूसी ब्रॉन्झ उजवी बाजू सोडून चेंडू घेऊन मधे घुसली. तिथे स्पेनच्या मुली एकमेकींच्या जवळ होत्या, म्हणूनच तिला घेरता आलं. तेरेसा आबेयेराने चेंडू मिळवून थेट डावीकडे लांब पाठवला, ब्रॉन्झने नुकत्याच सोडलेल्या जागेकडे. मारिओना काल्देन्तेयने तो घेतला आणि बाहेरून धावत आलेल्या ओल्गा कार्मोनाला दिला. डाव्या पायाचा जमिनीलगतचा फटका, लांबच्या कोपऱ्यात! त्या एका गोलवर विश्वचषक.

मला पजेशन आवडतं ते यासाठी. छोट्या पासांमुळे खेळाडू जवळजवळ राहतात, आणि चेंडू गेला तरी तिथल्या तिथे परत घेता येतो. स्पेनच्या मधल्या फळीतल्या ऐताना बोनमातीला खेळताना बघाल तेव्हा तिच्या पायांकडे नको, मानेकडे बघा. पास येण्याआधीच ती आजूबाजूला नजर फिरवून घेते.

स्पेनच्या मुली हे लहानपणापासून शिकतात. २०२२मध्ये नवी मुंबईत सतरा वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या त्यांच्या संघात विकी लोपेझ होती. आता ती सीनियर संघात खेळते.

आमच्याकडे सध्या चार विरुद्ध दोनच्या सरावात एक नियम आहे: चेंडू परत मिळाला की पहिला पास दुसऱ्या बाजूला. मुली अजून अडखळतात, पण पास द्यायच्या आधी मान वर करायला लागल्यात.