हाड जुळलं, कळ राहिली

१२ जुलै, डिचोली

बाबांची हृदयाची बायपास गेल्या चवथीनंतरची, म्हणजे गणेशचतुर्थीनंतरची. इको चांगला, साखर आटोक्यात, पाऊस उघडला की देवळापर्यंत चालून येतात. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "देवानं राखलं." बाबा हात जोडतात. रात्री कूस बदलताना ते दात आवळतात, हे एकट्या आईला ठाऊक.

कुठे दुखतं ते आज त्यांनी मला नीट दाखवलं. मधल्या व्रणावर नाही, त्याच्या डावीकडे, तळहाताएवढ्या जागेत. बोट दाबून टेकवलं तर बधिर, पण गंजी नुसती घासली तरी आग होते. म्हणून ते गंजी उलटी घालतात, शिवण बाहेर. गाडीत सीटबेल्टखाली टॉवेलाची घडी.

हे मनाचे खेळ नव्हेत. बायपासला छातीचं मधलं हाड उभं कापून दोन्ही बाजू फाकवतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. ते हाड साधारण दोन-तीन महिन्यांत जुळतं. पण छातीच्या आतल्या भिंतीवरची जी धमनी सोडवून हृदयाला जोडतात, बहुतेकदा डावीकडची, तिच्या आसपास फासळ्यांमधल्या नसा असतात. त्या ताणल्या किंवा दुखावल्या गेल्या, की जखम भरल्यावरही कळा येत राहू शकतात. जोडणीसाठी पायातून शीर काढली तिथेही बाबांना असाच बधिरपणा आहे. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांपुढे टिकणाऱ्या दुखण्याची जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगसूचीत स्वतंत्र नोंद आहे. ही सूची २०२२पासून लागू झाली. एवढं ते खरं आणि एवढं नेहमीचं आहे.

"जीव वाचला ना, मग थोडं दुखणारच" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण ऐकणाऱ्याचं तोंड बंद होतं. ज्या माणसासाठी अर्धा वाडा रक्त द्यायला धावला, तो कुठल्या तोंडानं कुरकुर करणार? डॉक्टरांसमोरही बाबांचं उत्तर ठरलेलं: "बरं आहे."

शिवाय भीती. प्रत्येक कळ हृदयाचीच वाटते. शेवटी आईनेच डॉक्टरांकडे विषय काढला, तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं. दाबल्यावर, वळल्यावर, हात उचलल्यावर येणारी कळ बहुधा छातीच्या भिंतीची. चालताना छातीवर दडपण येऊन थांबल्यावर ओसरलं, तर लगेच दाखवायचं. दडपण ओसरत नसेल, घाम फुटला, धाप लागली, तर विचार करत न बसता १०८. व्रणातून पाणी, ताप किंवा हाडात कटकट आवाज जाणवला तरी थांबायचं नाही.

नसांच्या दुखण्यावर प्रीगाबालिन दिलंय, कमी डोस, रात्री. झोप लागते, पण पहाटे तोल जातो म्हणून आई न्हाणीपर्यंत सोबत जाते. कपाटात डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळ्यांची पट्टी सापडली, ती मी काढून घेतली. हृदयाच्या रुग्णानं असल्या गोळ्या मनानं घ्यायच्या नसतात.

संध्याकाळी बाबा आपणहून म्हणाले, "यंदा गणपतीवरची माटोळी तुम्हीच बांधा, हात वर नेला की ओढतं." इतकं सरळ ते पहिल्यांदाच बोलले. पुढच्या तपासणीला हेच वाक्य डॉक्टरांना सांगायचं कबूल केलंय. आईनं ते वहीत लिहून घेतलंय आणि खाली मी लिहिलंय: पेन क्लिनिकसाठी (दुखण्यावरच्या खास उपचारांसाठी) चिठ्ठी मागणे.