वहीतली खाडाखोड

आमच्या घरी जिला पाककृतींची वही म्हणतात, ती मुळात वही नाहीच. ती १९७८ सालची डायरी आहे, वडिलांना कोणीतरी भेट दिलेली आणि वर्ष सरले तरी कोरीच राहिलेली. कोरा कागद टाकून देणे आईच्या लेखी पाप, त्यामुळे ती डायरी स्वयंपाकघरात आली आणि छापील तारखांचा खालच्या मजकुराशी असलेला संबंध कायमचा सुटला. १२ मार्चच्या पानावर गोडा मसाला आहे, १५ ऑगस्टला चकलीची भाजणी आहे, आणि गांधी जयंतीच्या पानावर कोळंबीचे कालवण आहे, ज्यावरून घरात वर्षातून एकदा तरी हसणे होते.

गेल्या दिवाळीआधी हे सगळे मोबाइलमध्ये उतरवून घ्यावे म्हणून मी बसलो. हेतू चांगलाच होता. डायरीला अनुक्रमणिका नाही, एखादा पदार्थ सापडेपर्यंत कढईतले तेल तापून धुरावते. फोनमध्ये मात्र ‘भाजणी’ एवढी अक्षरे टाकली की काम झाले. पण मी पहिल्याच पाककृतीशी अडलो. तांदूळ एक किलो, हरभऱ्याची डाळ अर्धा किलो, उडदाची डाळ पाव किलो असे निळ्या शाईत लिहिलेले होते. त्यावर काट मारून बॉलपेनने सगळे निम्मे केलेले होते. आणि त्याच्याही कडेला पेन्सिलीने चार वाट्या, दोन वाट्या, एक वाटी. प्रमाण तेच राहिले होते, खाणारी तोंडे तेवढी कमी झाली होती. किलोच्या दिवसांत आजी-आजोबा, आत्या आणि काका धरून आम्ही आठ माणसे होतो, शिवाय चाळीतल्या बिऱ्हाडांना फराळाची ताटे जायची ती वेगळीच. आत्याचे लग्न झाले, काकांची बदली झाली, तेव्हा अर्धा किलो पुरू लागले. वाट्यांचा हिशेब मी आणि बहीण घराबाहेर पडल्यानंतरचा. फोनमध्ये यांतले कोणते लिहायचे? मी शहाण्यासारखे शेवटचे लिहिले, आणि वाचून पाहिले तर ती भाजणी कोणाच्याही घरची असू शकली असती.

फोनवर दुरुस्ती केली की जुना आकडा तर जातोच, पण तो कधी काळी तिथे होता याची खूणही राहत नाही. कागदावरचा आकडा काटेखालूनही वाचता येतो. शाळेत खाडाखोडीबद्दल आमचे गुण कापले जात आणि त्या धास्तीने मी आयुष्यभर सुबक लिहीत आलो. आईने तसली धास्ती कधी बाळगली नाही, म्हणून तिची डायरी वाचनीय झाली.

अनारशांचे पान तर पाककृती कमी आणि रोजनिशी जास्त आहे. तांदूळ तीन दिवस भिजत घालावेत, रोज पाणी बदलावे, सावलीत सुकवून कुटावेत, हे सारे चार ओळींत आटोपते. पुढे समासात, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या पेनांनी: ‘हसले. गूळ जास्त.’ ‘पुन्हा हसले.’ ‘या वर्षी बरे. तूप मंद ठेवले.’ अनारसा तुपात पडल्यावर विरघळून पसरला की तो हसला म्हणतात, आणि तो हसला की घरातले दुसरे कोणी हसण्याची हिंमत करत नसे. त्यातला दुसऱ्या वर्षीचा ‘पुन्हा’ इतका दाबून लिहिला आहे, की मागच्या पानावर बोट फिरवले तर तो आजही हाताला लागतो.

कागदाचे गुणगान करताना त्याच्या खोडीही सांगितल्या पाहिजेत. जुनी पाने दौतीतल्या शाईची. ती पाण्यात विरघळणारी, त्यामुळे ओला हात लागला तिथे अक्षरे फुटली आहेत आणि श्रीखंडाला साखर किती घालायची हे आता देवच जाणे. बॉलपेनची शाई तेलकट, ती पाण्याला बधली नाही. पण तळणीचे तेल सांडलेली पाने इतकी पारदर्शक झाली आहेत, की कडबोळी वाचताना मागची शेव मध्ये येते.

हाताने उतरवून घेण्यात चुका शिरतात, ही तक्रारही नवी नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये नकला करताना अपपाठ शिरले होते, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ती शुद्ध केली; आणि यापुढे तिच्यात कोणी स्वतःची ओवी घुसडली तर ते अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवल्यासारखे होईल, असे बजावूनही ठेवले. मी ही तंबी विसरून भाजणीच्या पानावर पेन्सिलीच्या आकड्यांखाली ‘दोघांना अर्धे पुरे’ असे लिहिले आहे. माझी नरोटी तेवढी एकच आहे, आणि ती मी खोडणार नाही.

टंकून घेण्याचा बेत सोडून मी पानांचे फोटो काढले आणि भाजणीचा फोटो आईला पाठवला. तिने प्रमाण वाचलेच नसावे, कारण पाच मिनिटांत तिचा फोन आला, “अरे, वरचं निळं अक्षर माझं नाही, आत्याचं आहे. बघ की, तिचा ‘ळ’ कसा गाठ मारल्यासारखा.” इतकी वर्षे ते पान मी आईचेच समजत आलो होतो. मी विचारले, आत्याने का लिहिले? “मी सांगत होते, ती लिहीत होती,” आई म्हणाली. “माझे हात पिठाचे होते.”