पंजात काहीच नव्हतं

रात्रीचे साडेदहा. माझी कुत्री चिंगी दाराशी बसली आहे, उजवा मागचा पाय एका बाजूला टाकून. ही बसायची तऱ्हा महिनाभर माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिला आळशी म्हणत होते. आज नव्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी तेच विचारलं, "ही नेहमी अशीच बसते का?"

लंगडायला लागून पाच आठवडे झाले. झोपेतून उठली की पहिली दहा-बारा पावलं पाय जेमतेम टेकवायची, मग चालता चालता बरी. चेंडू दिसला की वाऱ्यासारखी सुटायची. धावतेय म्हणजे दुखत नसणार, हा माझा हिशोब. पण खेळाच्या नादात तिला दुखण्याचं भानच राहत नव्हतं. घरी येऊन तासभर पडली की उठताना पुन्हा तीन पायांवर.

आणि मी आपली पंजाच धरून बसले होते! बोटांच्या बेचक्यात टॉर्च मारून कुसळ शोध, गाद्या दाबून बघ, नखं हलवून बघ. आधीचे डॉक्टर "मुरगळला असेल" म्हणाले, आठवड्याच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, लंगडणं परत आलं. एका रात्री तर मी घरातली आयब्युप्रोफेन काढली होती. दिली नाही, नशीब. माणसांची ही गोळी कुत्र्याच्या पोटात अल्सर करते, मूत्रपिंडही निकामी करू शकते.

आज डॉक्टरांनी तिला उभी केली आणि मला मागून दोन्ही मांड्या एकदम धरायला लावल्या. उजवी हाताला चक्क बारीक लागली. रोज अंगावरून हात फिरवते मी, पण केसांखाली स्नायू झिजत होता हे कळलं नाही. मग त्यांनी एका हाताने मांडीचं हाड पक्कं धरून दुसऱ्याने नडगी पुढे ढकलून पाहिली. चिंगीने पाय ताठ केला, काही कळेना. थोडी गुंगी देऊन पुन्हा पाहिलं, तेव्हा नडगी किंचित पुढे सरकली. गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारी दोरी, अर्धवट फाटलंय. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, पण सांध्यात पाणी झालेलं दिसलं. खुबे ठीक आहेत, गुडघ्याची वाटी जागेवर आहे. हाडाचा कॅन्सर नाही ना, हे विचारताना माझा आवाज कसा झाला होता कोण जाणे. एक्स-रेत तसं काही नाही म्हणाले. गोचिडांच्या तापानेही सांधे धरतात, तेव्हा बहुधा एकाहून जास्त पाय दुखतात. तरी रक्त घेतलंय.

"कधी पडली, कुठे उडी मारली?" मी आठवत बसले. ते म्हणाले, कुत्र्यांत हे बहुतेक वेळा एका झटक्यात होत नाही, दोरीचा पीळ उसवावा तसं हळूहळू तुटत येतं. म्हणूनच पुढेमागे दुसरा गुडघाही जायची भीती.

एकतीस किलोच्या कुत्रीला ऑपरेशनच बरं, असं त्यांचं मत. नडगीचं हाड वरून कापायचं, थोडं फिरवायचं आणि प्लेट लावायची. म्हणजे लिगामेंटशिवायही पाय टेकताना गुडघा सरकत नाही. हाड जुळायला दोनेक महिने. तोवर धावणं नाही, जिना नाही, फिरणं पट्ट्यावर आणि मोजकं. वजनही उतरवायचंय.

गुळगुळीत फरशीवर सतरंज्या टाकल्या. चेंडू कपाटावर ठेवला. ती मघापासून कपाटाकडेच बघतेय.