प्रार्थनेची वही

माझ्या कविता आणि माझ्या प्रार्थना एकाच वहीत असतात. वेगळ्या ठेवाव्यात असं कधी वाटलंच नाही. तोंडाने प्रार्थना करताना ठरलेली वाक्यं आपसूक येतात; लिहायला बसलं की मात्र शब्दाशब्दापाशी थांबून स्वतःला विचारावं लागतं, हे मी खरंच मानते का?

श्रद्धेची कविता म्हणजे नुसती स्तुती, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रं वाचून बघा, केवढी तक्रार आहे त्यांत! ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. आणि २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, खुद्द येशूने वधस्तंभावर उच्चारली. त्या घटकेला त्याच्या ओठांवर कविता होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सध्या येशूचा शिष्य पेत्र याच्यावर लिहितेय. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रात, कोळशाचा विस्तव दोनदा येतो. पहिल्यांदा तिथे शेकत उभा असताना पेत्र येशूला नाकारतो, आपण त्याचे शिष्य नाही असं म्हणतो. पुनरुत्थानानंतर तसाच विस्तव किनाऱ्यावर दिसतो, त्यावर मासळी, सोबत भाकर. तो धूर नाकात गेल्यावर पेत्राला काय झालं असेल? मी लिहिलंय:

धूर तोच, प्रभू, पण या वेळी
तू मला जेवायला बोलावलंस.

पुढे अडलंय. येशू त्याला जाब विचारत नाही, फक्त ‘माझ्यावर प्रीती करतोस काय’ एवढंच, तेही तीनदा. ते तिन्ही प्रश्न वेगवेगळ्या कडव्यांत घ्यावेत की एकातच, हे अजून ठरत नाहीये.