मक्याच्या कणसाला दात का लावत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खडकवासल्याच्या चौपाटीवर, ऑफिसात, लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात सासरी, सगळीकडे हाच प्रश्न: "अहो, सरळ दात लावा की! एकेक दाणा काढत काय बसता?"

आमचं शेत येवला तालुक्यात. खरिपाला मका ठरलेला, पण तो व्यापाऱ्याचा. तिथून पुढे कोंबड्यांच्या खाद्याला जायचा. बाबा संध्याकाळी येताना बांधाकडच्या सरीतली चार-पाच कणसं मोडून आणायचे. घरात माणसं नऊ. आम्हा तिघा भावंडांच्या वाट्याला एक कणीस यायचं, आणि ते मोडून वाटलं तर बुडाकडचा भाग कोणाला नि शेंड्याचा कोणाला, यावरून भांडण. म्हणून आई ओळी वाटायची. बारा ओळी निघाल्या तर चार-चार. चौदा निघाल्या तर वरच्या दोन तिच्या. सोळा असल्या तर दोन तिच्या, दोन आजीच्या. सोळा ओळींचं कणीस निघालं की मला फार आनंद व्हायचा.

तेरा किंवा पंधरा ओळी कधीच निघायच्या नाहीत. तेव्हा वाटायचं, आईच नीट मोजते. पुढे शिकताना कळलं की कणसावर फुलं जोडीनं धरतात, म्हणून ओळी नेहमी समच भरतात. कणसाचा एकेक केसही एकेका दाण्याचा असतो. ज्या केसाला पराग मिळाला नाही, त्याचा दाणा भरत नाही. शेंड्याकडे रिकाम्या जागा राहतात त्या अनेकदा त्यामुळेच.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. दात लावला की दाणा मधूनच तुटतो आणि त्याचं बूड बुरकुंडात, म्हणजे कणसाच्या मधल्या दांड्यातच राहतं. दाण्याचा कोंब असतो तो तिथे. मक्याचं बहुतेक सगळं तेल त्या कोंबात. भाजल्यावर जी खमंग, सुकामेव्यासारखी चव येते, तीही मला तिथलीच वाटते. सुरीनं दाणे कापून काढले तरी तेच होतं. अंगठ्यानं काढलेला दाणा मात्र बुडासकट येतो.

पहिली ओळ तेवढी जिकिरीची. ती सुरीच्या टोकानं उचकटायची, चार दाणे फुटले तरी चालतील. एकदा वाट मोकळी झाली की शेजारच्या ओळीवर अंगठा आडवा ठेवायचा आणि रिकाम्या बाजूला रेलायचा. पाच-सहा दाणे एकदम सुटतात. मग दोन-दोन ओळी घेत पुढे जायचं.

हे जमायला कणीस योग्य वेळचं लागतं. केस निघाल्यापासून साधारण वीस दिवसांनी दाण्यात दूध भरतं. नख रुतवलं की पांढरं दूध यायला हवं. पाणी आलं तर कोवळं, काहीच आलं नाही तर जून. बाजारात मात्र मी पानं सोलून बघत नाही. सोललेलं कणीस वाळतं आणि विकणाऱ्या बाईंच्या पाटीत तसंच पडून राहतं. केस टोकाला तपकिरी, आत ओलसर, आणि बोटांनी दाबल्यावर शेंड्यापर्यंत दाणे भरलेले लागले की घेते. स्वीट कॉर्न असेल तर त्याच दिवशी खाते, कारण तोडल्यापासून त्यातली साखर कमी होत जाते. ते पानांसकट उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं. गावठी मका भाजायचाच.

भाजताना ज्वाळ नको, निखारे हवेत. गावी चुलीतली लाकडं मागे ओढून आरावर कणीस ठेवायचो. शहरात गॅसवर जाळी ठेवते, आच बारीक करते आणि हलत नाही तिथून. तडतड सुरू झाली की एकेक बोटभर फिरवायचं. लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून चोळणं मला आवडतं, पण निम्मं कणीस झाल्यावर. आधी नुसता मका खायचा.

जून निघालेली कणसं मी किसते. हे शेजारच्या इंदूरच्या काकूंकडून शिकले. तिकडच्या मराठी घरांत भुट्ट्याचा कीस नेहमीचाच. तुपात मोहरी, हिंग, हिरवी मिरची, त्यावर कीस परतायचा आणि थोडं थोडं दूध घालत शिजवायचा.

आता घरात आम्ही दोघंच. यजमान पूर्वी दातानंच खायचे. मागच्या श्रावणात मी त्यांना पहिली ओळ काढून दिली. आता कणीस हातात आलं की ते आधी ओळी मोजतात, आणि मी सांगते, मोजा पण लवकर, गार झालं की दाणा चिवट होतो.