पाण्यात काय घालतासा?

जुलै लागला, राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी आली, की आमच्या जिन्यावर पोरांच्या चपला दिसायला लागतात. प्रश्न ठरलेला. "मामा, तुमच्या कबुतरांची पिल्लं मरत न्हाईत. पाण्यात काय घालतासा?" उद्यमनगरात लेथवर उभा असलो तरी कुणीतरी तिथं गाठून हेच विचारतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा बैजवार लिहितो.

पाण्यात पाणी घालतो. सकाळी एकदा, दुपारी एकदा, भांडं घासून. हे सांगितलं की पोरांचे चेहरे पडतात, कारण त्यांना बाटलीचं नाव पाहिजे असतं. आणि पिल्लं मरत नाहीत हेही खरं नाही. दरसाल दोन-चार जातातच. फक्त आता ती का गेली हे बऱ्याचदा कळतं.

होमर म्हणजे शर्यतीचं, लांबनं सोडलं तरी घरी परतणारं कबुतर. त्याचा दम हायवेवरच्या किणी नाक्यावरनं सोडल्यावर दिसतो. पण तो भरायला सुरुवात होते अंड्यातनं बाहेर पडल्यावरच्या पहिल्या आठवड्यात, आणि तिथं आपला हात जवळजवळ नसतोच. अंडी दोन, उबवायला 17-18 दिवस. पिल्लू निघतं तेव्हा डोळे मिटलेले, अंगावर पिवळी लव, नुसत्या चोचीचा जीव. त्या दिवसांत आई आणि बाप, दोघांच्याही गळ्याखालच्या पिशवीचं अस्तर सुटून त्याचा पिवळसर दह्यासारखा लगदा तयार होतो. पहिले तीन-चार दिवस पिल्लाला तेवढंच. त्यात प्रथिनं आणि चरबी असते, आणि आई-बापाच्या रक्तानं ज्या रोगांशी टक्कर दिलेली असते त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडंही असतात. आमच्याकडं म्हैस व्याली की पहिला चीक रेडकाच्या पोटात गेल्याशिवाय कुणी खरवसाचं नाव काढत नाही. हा कबुतराचा चीक समजा. दोन दिवसांत पिल्लाचं वजन दुप्पट होतं ते याच्यावर.

म्हणून माझी सगळी मेहनत जोडी लावायच्या आधीची. नर-मादीला महिनाभर विसावा. दाण्यात ज्वारी, मका, बाजरी, आणि तिसरा हिस्सा वाटाणा, हरभरा, मूग. शिंपल्यांचा चुरा, विटेचा चुरा आणि खडेमीठ वेगळ्या भांड्यात, कायम. आणि प्रत्येकाची चोच उघडून उजेडात घसा बघायचा. कॅन्कर नावाचा रोग असतो, घशात पिवळी, पनीरच्या तुकड्यासारखी गाठ होते. त्याचे सूक्ष्म जीव धडधाकट दिसणाऱ्या कबुतराच्या घशातही गप बसलेले असतात आणि त्याच चिकातनं पिल्लात उतरतात. ज्या वाटेनं ताकद येते त्याच वाटेनं दुखणंही.

आता माझ्या चुकीचं सांगतो, कारण मी शिकलो तिथंच.

काही वर्षांमागं वळवाच्या एका संध्याकाळी कुणाचं तरी होमर गच्चीवर येऊन पडलं. चिंब भिजलेलं, पायात रिंग. पेठेतली रीत अशी, की आलेल्या पाखराला दाणापाणी करायचं आणि दमानं वाटेला लावायचं. मोकळ्या पिंजऱ्यात मी दाण्याची पोती रचून ठेवली होती. कंटाळा केला आणि त्याला सरळ पिल्लांच्या खुराड्यात सोडलं. दोन दिवसांत ते उडून गेलंसुद्धा.

पुढच्या आठवड्यात एका पहाटे एक पिल्लू पिसं फुलवून कोपऱ्यात बसलेलं दिसलं. हातात घेतलं. गळ्याची पिशवी बोटाला रबराच्या फुग्यासारखी लागली, आत पाणी हिंदकळत होतं. जरा खाली वाकवलं तर आंबूस वासाचं पाणी आलं आणि त्याबरोबर आदल्या दिवशीची मका, जशीच्या तशी, एक दाणा विरघळलेला नाही. खाली फळीवर हिरवं पाणी. दुपारपर्यंत तशी पाच झाली. मी घाबरलो. तिघांना फोन केले, तिघांनी तीन पावडरी सांगितल्या, मी तिन्ही पाण्यात कालवल्या. बावीसातली नऊ गेली.

डॉक्टरांकडं गेलो तेव्हा त्यांनी आधी शिव्या घातल्या, मग समजावलं. पिल्लाच्या शेपटीखाली, विष्ठेच्या वाटेच्या वरच्या अंगाला एक छोटी पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात. फॅब्रिशियस नावाच्या इटालियन वैद्यानं शेकडो वर्षांपूर्वी ती दाखवली, पण ती करते काय हे 1956 पर्यंत कुणाला धड माहीत नव्हतं. त्या साली अमेरिकेत ब्रूस ग्लिक आणि सोबत्यांनी दाखवलं, की ही पिशवी काढलेल्या कोंबड्या प्रतिपिंडं बनवू शकत नाहीत. माणसाच्या रक्तातल्या 'बी' पेशींमधला बी हा या 'बर्सा'चाच. म्हणजे ही पिल्लाची तालीम, रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथं तयार होतात. पाखरू वयात आलं की ती आक्रसून जाते. सर्कोव्हायरस नावाचा विषाणू नेमका या तालमीलाच धक्का लावतो. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लांत मग जे येईल ते घुसतं, पोटातले एरवीचे जिवाणूसुद्धा उलटतात. असाच आणखी एक विषाणू म्हणजे रोटाव्हायरस. 2016 साली पश्चिम ऑस्ट्रेलियात त्यानं कबुतरखानेच्या कबुतरखाने आजारी पाडले. उलटी, हिरवी हगवण, सगळं असंच. माझ्याकडं नेमकं कोण आलं होतं ते तपासायच्या आत मी पावडरी घातल्या होत्या.

अँटिबायोटिकनं विषाणू मरत नाही. मरतात ते आतड्यातले कामाचे जंतू, आणि मग रिकाम्या जागेत बुरशी वाढते. जिवाणू मागनं घुसले असतील तर औषध लागतं, पण कुठलं ते विष्ठा तपासून डॉक्टर ठरवणार. पहिल्या दिवशी करायचं ते एवढंच. आजारी वेगळं काढायचं, दिवसभर दाणा बंद, साखर-मिठाचं पाणी, ऊब. दुसऱ्या दिवशी चिमूटभर हलका दाणा.

तेव्हापासून नवं पाखरू, कितीही नामी घराण्यातलं असो, तीन आठवडे खालच्या मजल्यावर. वाट चुकलेलं आलं तरी तिथंच, त्याचं भांडं वेगळं. त्या पिंजऱ्यात आता पोती ठेवत नाही.

राहिली ओल. आपल्या कोल्हापुरात खरी झुंज तिच्याशी. आठ-आठ दिवस ऊन नाही, पत्र्याला आतनं घाम. कॉक्सिडिया नावाच्या आतड्यातल्या परजीवीची अंडी विष्ठेत पडतात ती ओल मिळाली तरच रोग लावण्याजोगी होतात, कोरड्यात तशीच पडून राहतात. म्हणून मी तळाला फळ्यांमध्ये फटी ठेवल्या, विष्ठा खाली पडते, रोज खरडतो. फडक्यानं पुसत नाही, पाणी मारत तर नाहीच. वारा छताजवळनं निघून जायला जागा आहे, पण बसलेल्या पाखरावर झोत येत नाही. खरडताना तोंडाला मास्क लावतो. ती धूळ आपल्या फुप्फुसाला वाईट, आमच्या गल्लीतल्या एका जुन्या शौकिनाला अखेर कबुतरं सोडावी लागली.

लक्ष्मीपुरीतनं दाणा आणला की आधी मूठ नाकाशी धरतो. कुबट वास आला तर कितीही स्वस्त असो, परत. भिजलेल्या मक्यावरच्या बुरशीचं विष यकृत खातं आणि पिल्लाची ताकदही खातं. बाहेरनं काही दिसत नाही.

गर्दीबद्दल एकच सांगतो. पिल्लांपेक्षा बसायच्या जागा जास्त पाहिजेत. जागेवरनं रात्रभर चोची मारणारी पिल्लं सकाळी थकलेली असतात आणि थकलेलं पाखरू आधी आजारी पडतं. चाळीस काढून दहा निवडू म्हणणाऱ्यांचं गणित मला कधी पटलं नाही.

लसूण, व्हिनेगर? आठवड्यातनं एकदा लिटरभर पाण्यात चमचाभर सफरचंदाचं व्हिनेगर मी घालतो, प्लॅस्टिकच्या भांड्यात. बिघडत नाही. पण त्याच्यावर भरवसा ठेवून मानमोडीची लस चुकवत नाही. मान पिळवटलेलं पिल्लू दाणा टिपायला जातं आणि चोच दाण्याच्या बाजूला आपटते, ते एकदा बघितलं की लशीच्या खर्चाची घासाघीस माणूस करत नाही. कबुतरांचा देवीचा रोग डासांनी पसरतो, म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधी जाळी तपासतो.

या रविवारी या, दाखवतो सगळं. फक्त घरची पिल्लं हाताळून आला असाल तर खाली नळाजवळ साबण आहे, हात धुवा, चपला तिथंच सोडा, मग जिना चढा.