काटा दाबलेले गळ

मे महिन्यात भरदुपारी माझ्या दुकानात कूलरशिवाय कोणी बोलत नाही. गळ, तंगूस, शिसं, रीळ असा धंदा. उन्हाळ्यात गिऱ्हाईक सकाळी लवकर नाहीतर दिवे लागल्यावर. म्हणून दोन वाजता डोक्याला दुपट्टा गुंडाळून सर आत शिरले तेव्हा मी उठूनच उभा राहिलो. शाळेत गणित शिकवलंय त्यांनी मला. मागे त्यांचा मुलगा, मिनेसोटात नोकरीला, सुट्टीवर आलेला.

पोरगा जूनमध्ये मित्रांसोबत कॅनडातल्या क्वेटिकोच्या जंगलात आठ दिवस कॅनोने फिरणार होता. कॅनो म्हणजे आपला डोंगाच, पण वीसेक किलोचा, कारण एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना तो खांद्यावर घेऊन चालावं लागतं. जंगल 4,760 चौरस किलोमीटर. म्हणजे जवळपास अर्धा नागपूर जिल्हा, त्यात रस्ते नाहीत आणि तळी दोन हजारांवर.

मी अर्धं कपाट काउंटरवर मांडलं. त्याने अर्ध्याहून जास्त परत ठेवायला लावलं. ‘दादा, हे सगळं पाठीवर न्यायचंय.’ पटलं. मोठाले लाकडी मासे दिसायला झकास, गिऱ्हाईक भुलतं ते त्यांनाच. खरं सांगायचं तर आपण निम्मे ल्यूर, म्हणजे हे बनावट आमिष, माशासाठी नाही, माणसासाठी विकतो.

मग नीट बसून निवडलं. तिथला पाइक स्वभावाने आपल्या मरळीसारखा, गवतात दबा धरून बसणारा. त्याला लाल-पांढरा स्पून, म्हणजे गळ लावलेली चमच्यासारखी धातूची पट्टी, आणि पुढे वीतभर स्टीलची तार, नाहीतर दातांनी तंगूस कापून स्पून घेऊनच जायचा. वॉलाय माशाचे डोळे अंधुक उजेडात चालतात, तो सांजवेळी उथळ पाण्यात चरायला येतो. त्याला सात ग्रॅमचे जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचे गळ, आणि त्यांवर चढवायला रबरी शेपट्या: जिग तळाला टेकू द्यायचा, मनगटाने हलकाच उचलायचा, पुन्हा टेकू द्यायचा. स्मॉलमाउथ बास माशाला फिरत्या पात्याचे चार छोटे स्पिनर. पाणी नितळ असेल तर चंदेरी, चहासारखं असेल तर सोनेरी नाहीतर नारिंगी. शेपट्या मूठभर जास्तच दिल्या. वजन काही नाही आणि फाटतात पटापट.

सर इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘रबर काहून खाईल मासोळी? आमिष कुठं आहे?’

पोराने सांगितलं, तिथे आमिष चालत नाही. गांडूळ नाही, जिवंत मासा नाही, मेलेलाही नाही, पिठाचा गोळासुद्धा नाही. फक्त बनावट ल्यूर, आणि गळाला टोकामागचा उलटा काटा, मासा सुटू न देणारा, तो नको. उरलेलं जिवंत आमिष लोक तळ्यात ओततात आणि बाहेरचे जीव पसरतात, म्हणून. मला यात काही नवल वाटलं नाही. थाई मांगूर हा बाहेरचा मासा पाळायला आपल्या देशात 2000 सालापासून बंदी आहे, पण बाजारात जाऊन बघा. नियम तिकडेही कागदावरच असतात, फरक एवढाच की तिकडे कागद वाचतात.

मग दीड तास मी काटे दाबले. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. पक्कड गळाला आडवी लावली तर टोक मोडतं. ती टोकाच्या रेषेत धरून काटा हळूहळू दाबायचा, जोर एकदम नाही. स्वस्तातले गळ कटकन तुटले, तीन गेले, ते मी हिशेबात धरले नाहीत. स्पूनच्या तीन तोंडांच्या गळांपैकी दोन काढून एकतोंडी घातले. मग परीक्षा: गळ सुती कापडात टोचून मागे ओढायचा, धागा अडकला तर काटा शिल्लक आहे. कापड म्हणून सरांचाच दुपट्टा. दोनदा अडकला. सर दुपट्ट्याकडे बघत राहिले.

‘काटा नाही तर मासा राहील कसा?’

‘तंगूस ताणून धरायचा सर. ढिला पडला की गेला.’

पोरगा फोन आला म्हणून बाहेर उन्हात गेला. मी कूलरमध्ये पाणी टाकायला मागे गेलो. परत आलो तर पोराच्या सामानाच्या डब्याचा खालचा कप्पा नुकताच मिटला होता, आणि भाजलेल्या मेथीचा, सरकीच्या ढेपेचा वास. कन्हान नदीच्या डोहावर रोहूसाठी सर जे कालवतात, त्याचीच कोरडी पुडी. तो वास मी झोपेतही ओळखीन.

सर म्हणाले, ‘सांगू नको बरं त्याले.’

मी डबा बांधून दिला.

पाइक, वॉलाय, बास, तिन्ही जिवंत शिकार खाणारे; पिठाला तोंड लावणार नाहीत. म्हणजे पुडी कामाचीही नाही, आणि तपासणीत सापडली तर अडचण पोराची. त्याचा नंबर बिलावर आहे. एक मेसेज टाकला की झालं. पण मग सरांना तोंड कसं दाखवू? दोनदा लिहिला, दोनदा पुसला. तो काल रात्री विमानात बसला.

आज सकाळी सर आले, सहा नंबरचे गळ दोन पाकिटं घेतली, पैसे मोजले आणि म्हणाले, ‘याचे काटे दाबू नको.’